वीसफुट्या

गुलमर्गला बर्फावर घसरायला शिकणाऱ्याला घसरण्याआधी स्की उचलायला शिकावं लागतं. दोन्ही पट्ट्यांचे तळ एकमेकांना लावायचे, जोडी खांद्यावर घ्यायची, टोकं पुढे ठेवायची, बूट अडकवायची जागा खांद्याच्या मागे येऊ द्यायची आणि वळायचं ते सावकाश. परभणी जिल्ह्यात बर्फ नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा एखाद्या हिवाळ्यात पाच अंशांखाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात परभणी गारठल्याची बातमी येते, एवढीच आपली हिमालयाशी सोयरीक. पण लांबलचक वस्तू खांद्यावर घेऊन भर गर्दीत घुसण्याच्या बाबतीत हा जिल्हा गुलमर्गला ऐकणार नाही. वीसफुट्या इथलाच.

वीसफुट्या जन्मतः साडेपाच फुटांचाच असतो. मोंढ्यातल्या मशिनरीच्या दुकानातून त्यानं स्प्रिंकलरचा पाइप खांद्यावर घेतला की तो वीस फुटांचा होतो, कारण हा पाइप सहा मीटर लांबीचा येतो. वाढ झाल्याची खबर त्याच्या डोक्याला मात्र लागत नाही. ते जुन्याच मापानं चालतं. पुढचं टोक दिसतं म्हणून ते त्याचं. मागचं दिसत नाही, म्हणून ते लोकांनी सांभाळायचं.

पाइप जड असता तर निभावलं असतं. जड वस्तूला माणूस जोडीदार शोधतो, दम खात, वाट बघत चालतो. हा काळा प्लास्टिकचा पाइप एका हातानं उचलतो, म्हणून वीसफुट्या एकटाच निघतो आणि वर मोकळ्या हातात भाजीची पिशवी घेतो.

आता थोडं गणित. पाइप मधोमध खांद्यावर आहे असं धरू. म्हणजे दहा फूट पुढे, दहा फूट मागे. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी हाक मारतं, ‘‘ओ तात्या!’’ तात्या काटकोनात वळतात. त्यांचे पाय जागच्या जागी फिरतात, पण मागचं टोक तेवढ्या वेळात पंधरा फुटांहून जास्त अंतर कापून येतं, आणि त्या वाटेत जे जे असेल ते ते बरोबर घेऊन येतं. मागे आरडाओरडा होतो. काय झालं ते बघायला तात्या उलटे वळतात. पहिल्या फेरीत वाचलेले दुसऱ्या फेरीत सापडतात. तात्यांचा चेहरा निष्पाप असतो. ‘‘दिसंना का तुमाला? एवढा मोठा पाइप!’’

या वाक्यावर वाद घालता येत नाही. पाइप खरोखरच मोठा असतो.

दुकानदारानं आधी सुचवलेलं असतं, ‘‘मामा, छोटा हत्ती सांगू का?’’ मामांना भाड्याचा आकडा ऐकूनच पाइप आखूड वाटू लागतात. ‘‘कशाला? चारच तर हायेत. पोरगं हाय गाडीवर.’’ मग पोरगं मोटारसायकलवर मागे बसतं, चारही पाइप खांद्यावर घेतं आणि जिंतूर रोडला किंवा गंगाखेड रोडला वरात लागते. काही जण पाइपांचं एक टोक गाडीला बांधून दुसरं रस्त्यावर घासत नेतात. कपलर निम्मा झिजतो, शेतात जोडल्यावर पाणी नोझलऐवजी तिथूनच उडतं आणि वीसफुट्या चार पाहुण्यांसमोर कंपनीचा उद्धार करतो.

मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं की कायद्याचं तोंड बंद झालं, असा त्याचा पक्का समज आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडीबाहेर हद्दीपलीकडे माल काढला तर २० हजार रुपये दंड आहे, आणि माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. पाइपामागे दहा रुपये कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करणाऱ्या माणसाला हा आकडा हलक्या आवाजात सांगावा.

शेतात मात्र त्याची खरी परीक्षा होते. रब्बीत हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलेला असतो, थ्री फेज रात्रीची असते, काळ्या जमिनीत पाय घोट्यापर्यंत रुतलेला असतो आणि पाळी बदलायची असते. जाणता गडी आधी पाइपाचं एक टोक थोडं उचलून आतलं पाणी काढून देतो, मग खांदा देतो आणि ओळीच्या दिशेनं चालतो. वीसफुट्या भरलेलाच पाइप उचलतो. पाइप कलला की राहिलेलं पाणी जानेवारीच्या मध्यरात्री सदऱ्याच्या कॉलरमधून आत शिरतं. कधी त्याबरोबर एखादा बेडूकही येतो. यानंतर वीसफुट्या जे बोलतो ते छापण्याजोगं नाही.

एका चुकीला मात्र हसण्याची सोय नाही. पाणी लवकर निथळावं म्हणून पाइप सरळ उभा करायचा आणि वर शेतातून गेलेली विजेची तार बघायची नाही, हे काहींच्या जिवावर बेतू शकतं. जुन्या संचातले अॅल्युमिनियमचे पाइप अजून कुठं कुठं वापरात आहेत, तारा ११ हजार व्होल्टच्या असतात, आणि ओला पाइप, ओली जमीन, ओले हात हे सगळं एका जागी आलेलं असतं. पाइप आडवाच निथळवावा.

बरं, हे सगळं नीट करणारी माणसं याच जिल्ह्यात आहेत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पऱ्हाट्यांची मोळी घेऊन बाया संध्याकाळी शेतातून येतात. मोळी त्यांच्याहून लांब असते. दारापाशी आल्या की त्या अंग आडवं करतात आणि कडेनं आत जातात. चौकटीला ओरखडा नाही. ‘परभणी मोती’ ही कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते. तिच्या कडब्याचा भाराही अशाच गुमान गोठ्यात पोचतो. मागे किती माल आहे हे या बायांना मान न वळवता कळतं, आणि त्यांना हाक मारली तर त्या उभ्या राहून आधी ‘‘काय म्हंता?’’ विचारतात. वळणं नंतर, गरज असली तरच.

आषाढवारीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेनं पंढरपूरकडे जाते. पालखीपुढं पताका घेतलेले वारकरी रांगेत चालतात. काठ्या उभ्या, हात एका उंचीवर, दोघांत अंतर सारखं. एवढ्या लांबच्या वाटेत कुणाची पताका कुणाच्या डोळ्यात जात नाही. गंमत म्हणजे त्या रांगेत वीसफुट्याही असतो. पंढरीच्या वाटेवर काठी शिस्तीत धरणारा हाच इसम मोंढ्यात पाइप घेऊन उतरला की मोकाट सुटतो. तेव्हा त्याला येत नाही असं म्हणायची सोय नाही. बाजारात रांग नसते आणि सोबत चालणारा विणेकरी नसतो, एवढाच फरक.

त्याला सुधारायला सोप्या गोष्टी पुरतील. पुढचं टोक डोक्याच्या वर राहील असा पाइप कलता धरावा, कोपऱ्यावर थांबावं, चार पाइप असतील तर दोन माणसं घ्यावीत, दोघांनीही एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यावेत आणि मागच्यानं बोलत राहावं. हे तो ऐकेल असा भरवसा नाही. म्हणून विनंती तुम्हालाच आहे. मोंढ्यात पाइप घेतलेला ओळखीचा माणूस दिसला, तर त्याला मागून हाक मारू नका.