हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

श्री. रा. रा. ॲडमिनसाहेब यांसी,


आपण आमच्यावर केलेल्या उपकारांची पोच द्यायला अंमळ उशीर झाला, क्षमस्व. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आपण आपल्या व्हॉट्सॲप गटावर आमचा दिवाळी अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत अख्खाच्या अख्खा चढवलात. खाली लिहिलंत, 'माय मराठीच्या सेवेसाठी. जास्तीत जास्त शेअर करा.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच लागली. इंदूरहून हात, बडोद्याहून हात, न्यू जर्सीहून तर हातांबरोबर डोळ्यांत पाणीही. त्या घटकेला सोलापूरच्या विक्रेत्याकडे जाणारा आमचा गठ्ठा एसटीच्या पार्सल खोलीत पडून होता. आपली सेवा अंकाच्या आधी पोहोचली. वितरण म्हणावं ते याला!

आपली फाइल मी निवांत पाहिली. काम निगुतीचं आहे. एका कथेच्या तिसऱ्या पानावर आपला डावा अंगठा आला आहे, आणि नायिका नेमकं काय उत्तर देते ते त्याखाली झाकलं गेलं आहे. अनुक्रमणिकेवर एका सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा शिक्का दिसतो. म्हणजे तो अंकही आपण विकत घेतला नव्हता. प्रत्येक पानाच्या तळाशी स्कॅन करणाऱ्या ॲपचं नाव ठळक उमटलं आहे. संपादकांची नावं असलेलं श्रेयपान मात्र गळालं आहे. किंमत छापलेला कोपराही कापला गेला आहे. नजरचूक असेल.

आपल्या गटाच्या माहितीत लिहिलं आहे, 'देशभरातल्या लिहित्या मराठी हातांचं कुटुंब. वाचा, लिहा, प्रोत्साहन द्या.' वाक्य छान आहे. कुटुंबातल्या कमावत्या माणसाच्या खिशात हात घालायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, त्यामुळे 'कुटुंब' हा शब्द मला पटला. 'प्रोत्साहन' कुठे आहे ते मात्र शोधतो आहे.

आपल्याला कदाचित वाटत असेल की दिवाळी अंक आश्विनात आपोआप उगवतो. तो उगवत नाही. चैत्र-वैशाखात लेखकांना पत्रं जातात. श्रावणात आठवणीचे फोन, भाद्रपदात विनवण्या आणि पितृपक्षात शिव्या. मग अक्षरजुळणी, दोनदा मुद्रितशोधन, चित्रकाराकडून आलेलं मुखपृष्ठ, जाहिरातदाराने शेवटच्या दिवशी बदललेला मजकूर, आणि छापखान्यात रात्री उशिरा फर्मे मोजत उभं राहणं. कागदवाला आधी पैसे घेतो, छापखाना त्यानंतर, बाइंडर दारातच. विक्रेत्यांचं कमिशन कापून जे उरतं त्यातून मानधन द्यायचं असतं. रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो तो लेखक, ज्याला आपण प्रोत्साहन देता.

आता आपल्या सेवेचं गणित पाहू. दिवाळी अंक विक्रेत्याकडे जातो तो 'खपला तर पैसे, नाहीतर परत' या बोलीवर. तुळशीचं लग्न उरकलं की गठ्ठे परत येऊ लागतात, आणि परतीच्या अंकाला रद्दीचा भाव मिळतो. परती वाढली की पुढच्या वर्षी प्रती कमी छापाव्या लागतात. प्रती कमी केल्या म्हणून अक्षरजुळणीचा, चित्रांचा, प्लेटांचा खर्च कमी होत नाही. तोच थोड्या प्रतींवर बसतो आणि एकेक प्रत महाग पडते. जाहिरातदार पहिला प्रश्न विचारतो, 'खप किती?' त्याला 'पीडीएफ सगळ्यांच्या मोबाइलवर आहे हो' असं सांगून पाहिलं. तो हसला आणि अर्ध्या पानाची जाहिरात पाव पानावर आणली. मग अंकाची किंमत वाढते. ती वाढली की आपण गटावर लिहिता, 'हल्ली दिवाळी अंक सामान्य माणसाला परवडत नाहीत, म्हणून ही पीडीएफ.' आजारही आपलाच, औषधही आपलंच.

परवडण्याचं म्हणाल तर आज बहुतेक अंक दोनशे-चारशेच्या घरात मिळतात. आपल्या गटावर दिवाळीच्याच आठवड्यात कोणी कुठल्या हॉटेलात काय खाल्लं याचे फोटो होते. त्यातल्या एका ताटाच्या किमतीत एक अंक आला असता. पण ताटाची पीडीएफ निघत नाही, ही हॉटेलवाल्यांची पुण्याई.

'यामुळे तुमचीच प्रसिद्धी होते,' हे आपलं लाडकं वाक्य. होते ना! आमच्या अंकातला आईवरचा लेख आठ दिवसांत फिरत फिरत माझ्याकडे परत आला तेव्हा त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. पुढच्या खेपेला खाली 'पु. ल. देशपांडे' असं होतं. पु. ल. २००० साली गेले. आपल्या गटावर मात्र ते अजून आठवड्याला एक लेख देतात, आणि विषय पाहता हल्ली त्यांना मधुमेह, आयुर्वेद आणि सुनांचं वागणं यांत विशेष रस आहे. व. पु. काळे तर त्यांच्याहून जोरात लिहितात. ज्या लेखिकेने तो लेख लिहिला ती नोकरी सांभाळून रात्री लिहिते, आणि तिच्याच नणंदेने तिला तो पाठवून वर लिहिलं, 'वाच, असं लिहायला हवं.' या प्रसिद्धीबद्दल तिने आपले आभार कसे मानावेत, सुचवा.

व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. ती अफवांसाठी होती. आपण फाइल आधी उतरवून घेता आणि नव्याने चढवता, त्यामुळे ती कायम ताजी, कुमारिका. मर्यादा चुकवण्यासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस कोपऱ्यावरच्या विक्रेत्यापर्यंत चालत का जाऊ शकत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

आपण लगेच विचाराल, 'मग वाचनालयात काय होतं? तिथेही एकच अंक शंभर जण वाचतात.' वाचतात, आणि वाचोत. वाचनालय तो अंक विकत घेतं. दिवाळीत अंकांसाठी खास वर्गणी काढतं, कव्हर घालतं, नोंदवहीत चढवतं, आणि एका वेळी तो एकाच घरी जातो. फाटला तर फाटला. शेजारणीने नेलेला अंक शिमग्याला परत येतो, कधी येतही नाही. त्यावरही कोणाची तक्रार नाही. अंक हातोहात फिरायलाच हवा. उद्धव शेळक्यांची किंवा जी. एं.ची कथा कित्येकांना पहिल्यांदा भेटली ती अशाच कोणाच्या तरी घरून आणलेल्या, कोपरे दुमडलेल्या अंकात. वाचनालय विकत घेतलेली एक प्रत फिरवतं. आपण न घेतलेल्या प्रतीच्या हजार प्रती काढता.

कायद्याचं सांगणं मला जिवावर येतं, पण आपल्यासारख्या दानशूराला आपल्या दानाची किंमत माहीत असावी. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या ५७व्या कलमानुसार लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणायचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. नाव खोडणं हा म्हणूनच नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. कॉपीराइट मोडणाऱ्याला ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आपण हे पैशासाठी करत नाही, म्हणून न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, एवढी सवलत आपल्यासाठी राखून ठेवलेली आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं.

आणि आपण 'मराठीसेवक' अशा टोपणनावाआड निर्धास्त असाल, तर तेही ऐका. २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रांच्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागल्या. एक हिंदी दैनिक दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात न्यायालयाने त्या वाहिन्या बंद करायला आणि त्या चालवणाऱ्यांची ओळख द्यायला सांगितलं. दोन वर्षांनी एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्याख्यानं अशीच वाटली जात होती. टेलिग्रामचं म्हणणं, आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत. न्यायालयाने ते मानलं नाही, आणि चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते कंपनीला न्यायालयात द्यावे लागले. भारतात सर्व्हर नसणं हे पुण्य आता पुरत नाही.

आमचा छोटा अंक आपल्यावर खटला भरणार नाही. वकिलाच्या फीमध्ये आमचा पुढचा अंक निघेल.

एक न्याय आपल्याला द्यायलाच हवा. मराठी नियतकालिकं मारायला आपलीच गरज असते, असं मुळीच नाही. 'सत्यकथा' १९८२ मध्ये थांबलं, श्री. ग. माजगावकरांचं 'माणूस' १९८६ मध्ये. तेव्हा खिशात स्कॅनर घेऊन कोणी फिरत नव्हतं. वर्गणीदार पुरले नाहीत, एवढं साधं कारण एखादं चांगलं मासिक संपवायला पुरतं. आणि मासिक गेलं की त्याच्यावर जे हळवे लेख येतात, ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी वर्गणी भरली होती, हा प्रश्न आपल्याकडे अशुभ मानतात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा मराठीत रुजली. शंभरहून अधिक वर्षं ती सरकारी कृपेवर टिकली नाही, भाषणांवरही नाही. दिवाळीच्या खरेदीच्या यादीत उटणं आणि फराळाच्या जिनसांबरोबर 'अंक' असं लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय घरांनी ती टिकवली. त्या यादीतून 'अंक' खोडण्याचं काम आता आपण हाती घेतलं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या गटावर फटाके फुटले होते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण दरवर्षी डीपी बदलता. भाषेवर एवढं प्रेम आणि तीत लिहिणाऱ्यावर एवढा राग, हे एकाच माणसाला कसं जमतं?

फुकटच वाटायची हौस असेल तर वाटायला पुष्कळ आहे, साहेब. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं संपली की त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी, वाटावी. ह. ना. आपटे, केशवसुत, गडकरी यांना तर मुक्त होऊन दशकं लोटली. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं स्कॅन करून, पानापानाचं मुद्रितशोधन करून ठेवायचं काम स्वयंसेवक करतात. तिथे आपल्यासारख्या उत्साही माणसाची गरज आहे, फक्त अंगठा बाजूला ठेवावा लागेल. बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक स्वतःहून खुले केले आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं मंडळाच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. यांचे दुवे आपल्या गटावर मी शोधले. एकही सापडला नाही. जे देणाऱ्याने राजीखुशीने दिलं आहे त्यात आपल्याला गोडी वाटत नसावी.

आणि नव्या लेखकांची खरोखर प्रसिद्धी करायची असेल तर तीही कठीण नाही. एक अंक विकत घ्या. त्यातलं काय आवडलं, काय फसलं ते चार ओळींत लिहा. एखादा उताराही द्या. परीक्षणासाठी कायदा तेवढी मुभा देतो. वर लेखकाचं नाव, खाली अंकाचं नाव, किंमत आणि तो कुठे मिळेल ते. शिव्या घातल्यात तरी चालेल. नावानिशी घातलेली शिवी बिननावाच्या कौतुकापेक्षा लेखकाला फार बरी वाटते.

तूर्त एवढंच करा. गटावरची ती फाइल काढा, आणि जिथे जिथे आपण ती पाठवलीत तिथे कळवा की अंक बाजारात आहे, परतीचे गठ्ठे अजून बांधलेले नाहीत, आणि आईवरचा तो लेख पु. लं.चा नाही.

आपला,
आपल्याच कुटुंबातला एक लिहिता हात