वैकुंठाच्या पुढची चार घरं

चार पावलं जास्त चाललं की मोबाइल शाबासकी देतो, छातीवर बिल्ला लावतो. गुणांची लालूच दाखवून माणसाला कामाला लावायची ही युक्ती संगणकवाल्यांची, असं आपण धरून चालतो. त्यांनी एखाद्या चातुर्मासात आपल्या आज्यांचे नेम पाहायला हवे होते. लाखाची वात, लक्ष प्रदक्षिणा, रामनामाने भरलेल्या वह्या. सगळा हिशेब चोख. आणि कोणी किती दिले ते रकमेसकट कोरलेली देवळातली फरशी? गुणतक्ताच की तो!

जुन्या खेळांचा माग काढत गेलं की या साऱ्यांचा आजोबा भेटतो, मोक्षपट. आपल्या सापशिडीचा पूर्वज. तो ज्ञानेश्वरांनी रचला, असं आपल्याकडे प्रेमाने सांगतात. सालासकट सापडलेले जुने पट मात्र 18व्या शतकातले. मधली चारशेहून अधिक वर्षं श्रद्धेच्या शिडीने चढायची.

72 घरांचा एक पट पाहा. 54वं घर भक्तीचं. तिथली शिडी थेट 68व्या घरात, वैकुंठात. आणि भक्तीला लागून 55वं घर कोणाचं? अहंकाराचं. तिथला साप खाली तिसऱ्या घरात, क्रोधात नेऊन टाकतो. शेजार ठरवणाऱ्याने बरेच भक्त जवळून पाहिले असावेत.

19व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला. तिथे उद्योगाची शिडी यशाला जाऊन टेकली, आळसाचा साप दारिद्र्यात उतरला. पुढे तेही पुसलं गेलं. उरला 100 आकड्यांचा तक्ता. शेवटचं घर गाठलं की जिंकलात.

जुन्या पटात शेवटचं घर गाठून काहीच साधत नाही. वैकुंठ 68व्या घरात, घरं मात्र 72. नेमकं दान पडलं तर सुटलात. एक जरी जास्त पडलं तरी देवाच्या दारावरून तसेच पुढे. मागे फिरायची सोय नाही. मग 72व्या घरात तमोगुणाचा साप गाठायचा, तो 51व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो, आणि तिथून पुन्हा चालायला लागायचं. थोडक्यात, मोक्षाची फार घाई झालेल्याने हात जोडायचे ते सापाला.