उणे ४० केल्व्हिन

केल्व्हिनमध्ये शून्याच्या खाली काही नसतं, हे अकरावीत शिकवतात. आमच्या मॉडेलची अकरावी झालेली नाही. इंजिनाच्या कूलंटचं तापमान ते मध्येच उणे ४० केल्व्हिन दाखवतं. अख्ख्या विश्वात कुठे मिळणार नाही अशी थंडी, आणि ती आमच्या चिंचवडच्या ऑफिसात! वर आलेख असा गुळगुळीत, की क्लायंट खूश व्हावा.

अशा वेळेसाठी असर्शन असतं. चलाला खालची-वरची मर्यादा घालून द्यायची, ती ओलांडली की सॉफ्टवेअरनं बोंब मारायची. मॉडेलिका भाषेत तापमानाच्या प्रकाराला ‘किमान शून्य’ जन्मजात चिकटलेलं असतं. ते तपासायचं की नाही, हे मात्र बऱ्याचदा सेटिंगमधली एक बारीक टिचकी ठरवते. बोंब दोन तऱ्हेची. एरर सिम्युलेशन थांबवते. वॉर्निंग म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन: कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर, सगळं वहीत, अडवणार कुणालाच नाही. वही वाचणारा तर अजून जन्माला यायचाय.

चल मर्यादेपाशी घुटमळायला लागलं की आणखी मजा. ११० अंश झाले, पंखा सुरू. जरा उतरलं, पंखा बंद. पुन्हा ११०. समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर बिचारा प्रत्येक ओलांडणीचा नेमका क्षण शोधत बसतो. सिम्युलिंक हे सॉफ्टवेअर मुळातल्या सेटिंगप्रमाणे अशा लागोपाठ १००० ओलांडण्या सोसतं, मगच हात टेकतं. एवढा सोशिकपणा आमच्या सरांकडे असता तर! उपाय सोपा: सुरू करायला एक आकडा, बंद करायला त्याहून चार अंश खालचा.

पण मुळात आकडा ठरवतो कोण? मीटिंग. स्क्रीनवर लाल दिसलं की ‘पंप लहान पडतोय का?’ असं कुणी विचारत नाही. ‘लिमिट किती ठेवलंय?’ असं विचारतात. मग ११० चे ११५ होतात. पंप तोच, कूलंट तेच, लाल गायब.

‘हा आकडा कुठला एवढा वाढतोय’ हे वाक्य मोठमोठ्यांना भोवलंय. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. त्याची दिशादर्शक यंत्रणा एरियान-४ कडून जशीच्या तशी आलेली. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांत ठेवायचा, म्हणून सात चलांपैकी चारांनाच संरक्षण. उरलेली तीन वाढून वाढून किती वाढणार! नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्यातलं एक चल १६ बिटांत मावणाऱ्या ३२,७६७ च्या पुढे गेलं आणि संगणकानं शिस्तीत स्वतःला बंद केलं. राखीव संगणक त्याच कारणानं क्षणभर आधीच गेलेला. साधारण ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे. ज्या गणितानं घात केला त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती, आणि नव्या मार्गाचं सिम्युलेशन त्या यंत्रणेवर कुणी केलंच नव्हतं.

तरी मी एररच्याच बाजूचा. उडत्या रॉकेटला थांबून चालत नाही. सिम्युलेशनला चालतं, तोवर चहा होतो. हे मी सरांना समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

“पटतंय,” ते म्हणाले. “एका रनमध्ये शंभराच्या वर वॉर्निंग आल्या की कळायला हवं. तेवढं एक लिमिट टाक.”

“एरर टाकू?”

“नको, सध्या वॉर्निंगच टाक.”