हँडसम पोटॅटो

एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर कशी न्यावी, हा प्रश्न १९७१ साली सुटला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून ते एमआयटीत गेले होते. आरएफसी ११४ या क्रमांकाखाली तो मसुदा आजही वाचायला मिळतो. म्हणजे एका भारतीय माणसाने ही अडचण पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात काढली. फक्त आमच्या साडूंच्या नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या लॅपटॉपवर जायचा राहिला होता. दोन्ही लॅपटॉप एकाच डायनिंग टेबलावर होते. मध्ये लोणच्याची बरणी.

व्हिडिओ ९ जीबीचा. फोटोग्राफरने बटूपेक्षा आचाऱ्याचं चित्रण जास्त केलं आहे, पण तो विषय वेगळा. मेलला २५ एमबीच्या पुढे काही झेपत नाही. व्हॉट्सअ‍ॅप २ जीबीच्या पुढे हात टेकतं. पेनड्राइव्हवर ३२ जीबी रिकामे होते, पण तो ९ जीबीची फाइल घ्यायला तयार नव्हता. का, तर तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. जागा आहे पण देत नाही, हा गुण पेनड्राइव्हने कोणत्या सोसायटीकडून उचलला ते मी लिहीत नाही.

अशा वेळी घरातल्या इंजिनिअरला फोन करायची पद्धत आहे. भाचा म्हणाला, "मामा, पैसे कशाला घालवता? ओपन सोर्स वापरा. फुकट आहे." माझ्या दुःखाचं मूळ या एका शब्दात आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडली की माणसाला काही हक्क मिळतात. फोन करता येतो, नऊ दाबता येतं, संगीत ऐकता येतं, शेवटी एखाद्या बिचाऱ्या मुलावर ओरडता येतं. फुकट सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच नाही. त्याच्या परवान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की वस्तू आहे तशी घ्या, हमी कसलीच नाही. तरीही तक्रार नोंदवायला गेलात तर आवृत्ती कोणती, लॉग कुठे आहे असं अत्यंत नम्रपणे विचारतात, आणि मग तितक्याच नम्रपणे सुचवतात की दुरुस्ती तुम्हीच करून पाठवलीत तर आनंद होईल. इतक्या सभ्य माणसांशी भांडायचं तरी कसं?

पहिली शिफारस फाइलझिलाची. २००१ साली टिम कोसे आणि त्याच्या वर्गमित्रांनी कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं. आमच्या वेळी प्रोजेक्ट जमा केला की तो थेट रद्दीत जायचा. यांचा अजून चालू आहे. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे समोरचा, वर इंग्रजीतली बडबड आणि खाली रांगेत उभ्या फाइली, इथपर्यंत सगळं समजतं. मग ते विचारतं: होस्ट कोण? पोर्ट कोणतं? एफटीपी, एफटीपीएस की एसएफटीपी?

ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. एफटीपी म्हणजे जुनं खोड. ते पासवर्ड जसाच्या तसा, वाटेत कोणालाही वाचता येईल असा पाठवतं. शिवाय त्याला बोलायला एक जोडणी लागते आणि माल न्यायला दुसरी, आणि ही दुसरी कोणी कोणाकडे उघडायची यावरून राउटरशी वाद होतो. फाइल मजकुराची आहे असा त्याचा समज झाला तर ते ओळींचे शेवट बदलून देतं, मग फोटोचं काय व्हायचं ते होवो. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही त्याला घराबाहेर काढलं. एफटीपीएस म्हणजे तेच खोड, पण चिलखत घातलेलं. एसएफटीपीचा मात्र या घराण्याशी संबंधच नाही. ते एसएसएचच्या कुळातलं. एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू यलोनेन यांनी पासवर्डचोरीला कंटाळून लिहिलं. दोघांचं आडनाव कुलकर्णी म्हणून ते भाऊ असतात असं नव्हे, तसंच हे. पण एसएफटीपीच्या बाविसाव्या पोर्टाच्या दारात एफटीपीच्या एकविसाव्याचं नाव सांगितलं की आत घेत नाहीत.

शिवाय समोरच्या टोकाला सर्व्हर लागतो. आमचे साडू सर्व्हर नाहीत. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेत.

भाच्याची दुसरी शिफारस आरसिंक. १९९६ सालचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी केलेलं. फाइलचा जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठवायचा, ही त्यामागची युक्ती. ट्रिजेल यांनी ती आपल्या पीएचडीच्या प्रबंधातही मांडली. युक्ती अफाट आहे, वादच नाही. पण भाचा फोनवर म्हणाला, "मामा, फोल्डरच्या नावापुढे स्लॅश द्यायचा की नाही ते नीट बघा हं. दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो. आणि डिलीटवाला पर्याय तुम्ही लावूच नका." ज्या वस्तूच्या वापराची सुरुवात "लावूच नका"ने होते, ती जेवणाच्या टेबलावर नको असं सौ.चं मत पडलं.

शेवटी लोकलसेंड. ना खातं, ना पासवर्ड, ना जाहिरात. दोन्ही संगणक एका वायफायवर हवेत, बस. उघडल्याबरोबर ते तुमच्या यंत्राचं बारसं करतं. एक विशेषण आणि एक फळ किंवा भाजी. विचारत वगैरे नाही. माझं नाव निघालं वाइज टोमॅटो. साडूंचं हँडसम पोटॅटो. मेहुणीने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धं बरोबर आहे."

टोमॅटोला पोटॅटो दिसेना. कारण साडू आमच्या वायफायवर नव्हतेच. ते स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते. रोजचा दीड जीबी रात्री बाराच्या आत संपवला नाही तर तो कंपनीच्या घशात जातो, यावर त्यांची निष्ठा आहे. मी सांगितलं, याला इंटरनेट लागतच नाही. "नेट लागत नाही? मग जातं कुठून?" मी राउटरकडे बोट दाखवलं. त्यांनी उठून राउटरला हात लावून पाहिला. "गरम आहे," म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसला.

तेवढ्यात फायरवॉलची चौकट आली. या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का? साडूंनी विजेच्या वेगाने कॅन्सल दाबलं. "अशी चौकट आली की कॅन्सल. आमच्या बँकेत ट्रेनिंगच होतं." ते ट्रेनिंग चुकीचं नाही, हीच पंचाईत. सेटिंगमध्ये शिरून ती परवानगी परत मिळवेपर्यंत चहाची दुसरी फेरी झाली. मग पोटॅटो दिसला. मी फाइल पाठवली. त्यांच्या पडद्यावर विचारणा आली, वाइज टोमॅटो आपल्याला काही पाठवू इच्छितो, स्वीकारायचं का? साडूंनी डिक्लाइन दाबलं.

"अहो, मीच पाठवतोय!"

"तुम्ही कुठे? कोणीतरी टोमॅटो आहे."

यावर सॉफ्टवेअर काय करणार? नाव बदलायची सोय त्यात आहे. मी बदललंही. नंतर नऊपैकी सात जीबी गेले असताना साडूंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, कारण फाइल जात असताना पडदा चालू ठेवणं म्हणजे विजेची उधळपट्टी. झाकण उघडल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला व्हिडिओ गेला. बरणीच्या या बाजूकडून त्या बाजूला, एक पैसा न घेता, कोणाच्या सर्व्हरवर न थांबता, मधल्यामध्ये कोणी न वाचता. इतकं निर्दोष काम पाहून मला मनापासून वाईट वाटलं. दोष द्यायला एकही कंपनी उरली नव्हती. फायरवॉलने तिचं काम केलं होतं, राउटरने त्याचं, आणि साडूंनी बँकेचं. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला, "तो व्हिडिओ डाउनलोड्समध्ये आहे म्हणता, पण ते डाउनलोड्स कुठे आहे? त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना."

या प्रकल्पांना देणगी देता येते. मी देणार आहे. कृतज्ञता आहेच, पण थोडा स्वार्थही आहे. निदान शंभर रुपये दिले की मी गिऱ्हाईक होईन आणि मग मला तक्रार करता येईल, असा माझा हिशेब होता. भाच्याने तोही मोडला. म्हणाला, "मामा, देणगी दिली तरी हमी मिळत नाही."

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. माझ्याकडून कोणाला मोठी फाइल हवी असेल तर जरूर या, सॉफ्टवेअर तयार आहे. मात्र येण्याआधी हॉटस्पॉट बंद करा, आणि फाइल पूर्ण पोचेपर्यंत लॅपटॉपचं झाकण मिटणार नाही असं लिहून आणा. सही मेहुणीसमोर करायची.