खडकवासला परदेशात नाही

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला खडकवासला म्हणजे रविवारची कांदाभजी, भाजलेलं कणीस आणि परत येताना जागची न हलणारी गाड्यांची रांग. त्यामुळे २०२१ साली माझ्या भाच्याची खडकवासल्याच्याच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत निवड झाली तेव्हा आनंदाबरोबर घरात थोडी निराशाही पसरली. देशभरातली लाखो पोरं लेखी परीक्षेला बसतात. गाळून-चाळून उरलेल्यांची पाच दिवस मुलाखत चालते. मग लष्करी डॉक्टर गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, कोपराचा कोन किती, इथपर्यंत मापं काढतात. आणि एवढं सगळं पार पाडून मुलाला पाठवायचं कुठं? तर रिक्षावाला ‘हाफ रिटर्न’ मागेल इतक्या अंतरावर. ताईच्या डोक्यात रेल्वे स्टेशन, हलणारा रुमाल, इंजिनाची शिट्टी असं बरंच काही होतं. ते सगळं आता धायरी फाट्यावर उरकणार होतं.

जुलैत रुजू व्हायचं होतं. प्रबोधिनी कुठकुठली कागदपत्रं मागते ते ताई आणि भाऊजी वाचत बसले, पण खरा हुकूम आतल्या खोलीतून सुटला. “करोनाच्या लशीचे दोन डोस दंडात गेल्याशिवाय हा गेटच्या आत पाऊल टाकणार नाही,” असं आईनं जाहीर केलं. आई म्हणजे भाच्याची आजी. वय चौऱ्याहत्तर, माहेर सातारा जिल्ह्यातलं, वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार. त्यामुळे तिच्या हिशेबी लष्कराची शिडी सुभेदारापाशी संपते. त्याच्या वर बहुधा थेट पांडुरंग. भाच्यानं तिला कितीदा तरी समजावलं की आजी, मी पुढं लेफ्टनंट होणार, तो मोठा हुद्दा असतो. ती मान डोलवायची आणि म्हणायची, “असू दे. सुरुवात लहानच असते.”

लशीच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा होता. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाल्या झाल्या ती जरीकाठाचं लुगडं नेसून पहिला डोस घेऊन आली होती. दंडावर लहानपणच्या देवीच्या लशीचे दोन गोल वण होतेच. गावात ‘देवी डॉक्टर’ आला की पोरं उसात लपायची आणि हिचे वडील रजेवर असले की एकेकाला कानाला धरून बाहेर काढायचे, ही कथा आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आम्हालाही तो ऊस टोचायला लागला होता. शिवाय तिला एक शकुन सापडला होता. एनडीएचं रीतसर उद्घाटन झालं १९५५ च्या १६ जानेवारीला. देशात करोनाची लस टोचायला सुरुवात झाली २०२१ च्या १६ जानेवारीला. “आता याच्यापुढं काय सांगायचं?” ती म्हणाली. याच्यापुढं खरोखरच काही सांगता येत नाही.

अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली १ मे रोजी. खुली झाली म्हणजे नोंदणीचं पोर्टल खुलं झालं. भाचा २००३ चा असल्यामुळे त्यात बसत होता. त्याच्या बरोबर निवड झालेला सोलापूरचा एक मित्र २००४ चा निघाला. एनडीएला साडेसोळा वर्षांचा मुलगा चालतो, लशीला चालत नव्हता. देशासाठी छातीवर गोळी झेलायची तयारी करायला तो पुरेसा मोठा होता, दंडावर अर्धा मिलिलीटर झेलायला मात्र लहान. त्यानं फोनवर भाच्याला विचारलं, “मग मी आत जाऊन काय करू, श्वास धरून बसू?” (पुढं पंधरा ते अठरावाल्यांना लस खुली झाली ती थेट २०२२ च्या ३ जानेवारीला.)

पोर्टलवर आमचं अख्खं घर बसलं. मी मावशी आणि शाळेत संगणक शिकवणारी, म्हणून पथकप्रमुख. ओटीपी यायचा, तो भरेपर्यंत कॅप्चा यायचा, कॅप्चातलं ते अक्षर शून्य आहे की ओ यावर ताई आणि भाऊजींचं भांडण व्हायचं, आणि ते मिटेपर्यंत हिरवा चौकोन लाल झालेला असायचा. भाचा शांत होता. निवड मंडळाच्या मुलाखतीत म्हणे साठ प्रसंग देतात आणि अर्ध्या तासात प्रत्येकावर तुम्ही काय कराल ते लिहायचं असतं. जंगलात वाट चुकली, समोर डाकू आले, रेल्वेचा रूळ उखडलेला दिसला. या सगळ्यांवर त्याच्याकडे बाणेदार उत्तरं तयार होती. ‘तुम्ही दंड उघडून तयार आहात आणि स्लॉट नाही’ हा प्रसंग मात्र त्याच्या क्लासवाल्यांनी घेतला नव्हता.

शेवटी रात्री कधीतरी स्लॉट लागला तो वेल्ह्याकडच्या एका गावाच्या आरोग्य केंद्रात. कोव्हिशिल्ड. जी लस आमच्या घरापासून तासाभराच्या आत, मांजरीला तयार व्हायची, ती टोचून घ्यायला आम्ही उलट्या दिशेला पाबे घाट चढून निघालो. टाळेबंदीच्या नाक्यावरच्या पोलिसानं स्लॉटचा मेसेज दोनदा वाचला. “लस घ्यायला वेल्ह्याला?” त्याच्या आवाजात संशयापेक्षा कीव जास्त होती. वाटेत उजवीकडे धरणाचं पाणी, पाण्यापलीकडे एनडीएची झाडी. भाचा काचेला नाक लावून पाहत होता. आई म्हणाली, “तिकडं नंतर. आधी डोस.”

केंद्रासमोर वडाखाली गाड्या लागल्या होत्या, सगळ्या एमएच बारा. आत रांगेतही सगळे आमच्यासारखेच, कोथरूड, बाणेर, वारजे. एका गृहस्थांनी घडीची खुर्ची आणि थर्मास आणला होता. ओट्यावर गावातली माणसं बसून हा पुणेरी वरात-सोहळा पाहत होती. त्यांच्यातल्या टोपीवाल्या आजोबांनी मला सरळ विचारलं, “लस पुण्यात बनतीया न्हवं?”

“हो.”

“मग आमच्या पोरांच्या वाटची घ्यायला हितं का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या गावात फोनला रेंज यायची ती देवळामागच्या टेकाडावर, आणि तिथवर पोचेपर्यंत आमच्या फायबर कनेक्शनवाल्यांनी त्यांचे स्लॉट पटकावलेले असायचे. आई मात्र पुढं झाली आणि नातू एनडीएत चाललाय हे तिनं सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं सांगितलं. आजोबांचा रागाचा पारा निम्म्यावर आला. पूर्ण नाही उतरला, आणि उतरायचं कारणही नव्हतं. ते म्हणाले, “येत्यात की ती पोरं इकडं. पाठीवर ही एवढाली वझी. पळत्यात निस्ती.” एनडीएच्या एका कॅम्पचं नावच कॅम्प तोरणा आहे, आणि खुद्द तोरणा समोर उभा होता. आजोबांनी भाच्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गडाकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत.

आत सिस्टर होत्या. बुटक्याशा, चष्मा मास्कच्या वाफेनं धुरकटलेला. त्यांनी डोकी मोजली. नऊ.

“कुपीत दहा डोस असतात. फोडली की चार तासांत संपवावी लागते. दहावा आल्याशिवाय फोडणार नाही.”

खुर्ची-थर्मासवाल्या गृहस्थांनी आपण कोण आहोत ते सांगून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, “बरं. तरी नऊच झाले.” यादीत दहावं नाव गावातल्याच एका तरण्या पोराचं होतं, आणि तो बाहेर वडाच्या मागं उभा होता. त्यानं टेकाडावर चढून स्लॉट मिळवला होता आणि सुई आठवून तो आत येत नव्हता. सिस्टरनी भाच्याकडे बोट केलं. “तू मिलिटरीत चाललायस ना? जा, आण त्याला.”

अधिकाऱ्यात असावेत असे पंधरा गुण निवड मंडळ तपासतं. सहकार्य, धैर्य, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता वगैरे. भाच्याकडे ते आहेत असं मंडळानं नुकतंच लेखी कळवलं होतं. तो वडाखाली गेला. आधी त्यानं त्या पोराशी दोस्ती केली. मग रोगप्रतिकारशक्ती समजावली. मग देशाचं नाव काढलं. मग आपणही थोडे घाबरलोय असं सांगून पाहिलं, आणि ते इतकं खरं वाटलं की तो पोरगा आणखी दोन पावलं मागं सरकला. शेवटी सिस्टर दारात आल्या आणि जागेवरूनच म्हणाल्या, “आईला फोन लावू का तुझ्या?”

दहा झाले.

कुपी फुटली. भाच्यानं बाही वर केली, तोरण्याकडे नजर लावली आणि “झालं” हा शब्द ऐकून “कधी?” असं विचारलं. शिवरायांनी जिथं स्वराज्याचं तोरण बांधलं त्या गडाच्या पायथ्याशी आपल्या घराण्याचा पहिला डोस झाला, हे आई वाटेत भेटेल त्याला सांगत आली. आपले दोन्ही डोस सिंहगड रस्त्यावर झालेत हे ती सोयीनं विसरली होती.

मोहीम निम्मी फत्ते झाली होती. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरा डोस, म्हणजे जूनची अखेर, म्हणजे गेटच्या आत जाण्याआधी. आईनं कालनिर्णयवर तांबडी खूण केली. पुढच्या काही दिवसांतच दोन बातम्या आल्या. राज्य सरकारनं साठा अपुरा म्हणून अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांची लस थांबवली. आणि १३ मेला केंद्रानं कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. तांबडी खूण ऑगस्टच्या पानावर गेली. त्यामागचं शास्त्र चोख होतं, अंतर वाढवलं तर परिणाम चांगला होतो असं दिसत होतं. पण शास्त्र आईच्या हुकुमाच्या आड आलं होतं, आणि हे त्यानं तिला विचारून केलं नव्हतं.

७ जूनला आशेचा किरण दिसला. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणारे खेळाडू यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरा डोस मिळेल, असा नियम निघाला. आईनं तो मला दोनदा वाचायला लावला.

“यात एनडीए कुठंय?”

“नाही आई. परदेशात जाणाऱ्यांसाठी आहे.”

“मग खडकवासला परदेशात नाही, हा काय त्याचा गुन्हा आहे?”

तिनं मला दिल्लीला पत्र लिहायला बसवलं. मुद्दे तिनेच सांगितले. पहिला, मुलगा तीन वर्षं घरी येणार नाही (सुट्ट्या असतात, हे तिनं मान्य केलं नाही). दुसरा, तिथं धरणाचं पाणी ओलांडून जावं लागतं. पत्र अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.

तो गेला तो एकाच डोसावर. धायरी फाट्यावर ताई रडलीच, स्टेशन नसलं तरी. पुढं फोन क्वचित यायचा आणि आला तर वाक्यं तुटक, सगळ्यांच्या शेवटी चुकून ‘सर’. आजीलासुद्धा सर.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर असाच एक फोन आला. दुसरा डोस आतच झाला होता. आईनं फोन स्पीकरवर टाकायला लावला.

“स्लॉट कसा मिळाला रे?”

“स्लॉट नाही आजी. रांगेत उभे राहा म्हणाले, राहिलो. बाही वर म्हणाले, केली. पुढं चला म्हणाले.”

“ओटीपी?”

“नाही सर. म्हणजे, नाही आजी.”

“ताप आला?”

“वेळच नव्हता.”

आई क्षणभर गप्प बसली. पण तिला बोलायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. ७ ऑगस्टला टोकियोत भालाफेकीचं सुवर्णपदक आलं होतं, आणि टीव्हीवाला दिवसभर ‘सुभेदार नीरज चोप्रा, सुभेदार नीरज चोप्रा’ करत होता.

“पाहिलंस ना? सुभेदार.”

“हो आजी. पण मी लेफ्टनंट...”

“ते राहू दे,” आई म्हणाली. “तू प्रयत्न सोडू नकोस.”