वाघ न दिसल्याची साक्ष

थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात, पाचव्या अध्यायात, पौलाने एक कलम असं घालून ठेवलंय की त्याला पळवाट नाही. परिस्थिती कसलीही असो, देवाचे आभार माना. पौल मोठा माणूस, वादच नाही. जहाज फुटलं, फटके खाल्ले, तुरुंगात बसला. पण मे महिन्यात चंद्रपूरला राहिला नाही. इथे पारा 47च्या पुढे सरकतो, कूलर गरम वाफा फेकायला लागतो, टाकीतलं पाणी परस्पर चहाला चालतं, आणि नेमकं अशा रविवारी पाळकसाहेब हसतमुखाने विचारतात, "उपकारस्तुतीला कोण पुढे येतंय?" ज्या जिल्ह्यातून राज्यभर वीज जाते, तिथे प्रार्थनेच्या ऐन मध्यात लाइट जाते. पंखे थांबले की आमच्या मंडळीचं 'आमेन' बरंच लवकर येतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे मिशनरी थंडीतून उठून या चांद्याला आले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी नेमके कशाकशाचे आभार मानले असतील, हे मला फार दिवस छळतंय. बल्लारपूरच्या कॅथलिक धर्मप्रांतात केरळचे फादर आले, त्यांना निदान घामाची तरी सवय.

शहरातल्या साक्षी ऐकायला सोप्या असतात. प्रभूने प्रमोशन दिलं, प्रभूने मुलाला पुण्यात लावलं, प्रभूने नवी गाडी दिली. गाडीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव साक्षीत कोणी घेत नाही. ती बिचारी दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतःच आठवण करून देते. मग एकदा सिंदेवाहीकडची एक मावशी उठली. पदर सावरला, माइक बाजूला सारला आणि म्हणाली, "यंदा मोह येचाले रोज गेली जी. वाघ नाही दिसला. प्रभूची स्तुती." आणि बसली. उन्हाळा लागता लागता अंधारात निघायचं, झाडाखाली वाकून फुलं वेचायची; वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा उपदेश लांबलचक होता. त्यातलं मला काही आठवत नाही.

त्याच आठवड्यात पुण्याचा मेव्हणा ताडोब्याला आला होता. जिप्सी, गाइड, हातभर लांब लेन्स, सगळा सरंजाम. संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. "वाघ दिसला नाही हो भावजी!" पैसे परत मिळतात का, हेही विचारून झालं. आता बघा, जंगल एकच, वाघही तोच, आणि त्याच्याबद्दल वर दोन अर्ज गेलेले. वाघाने दोघांना सारखाच निकाल दिला. आभाराची पोच मात्र एकीकडूनच आली.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला परत येतो एकटा शोमरोनी. दहाला एक हा हिशेब मला कडक वाटायचा. आमच्या जिल्ह्यातल्या भाताचा हिशेब बघितला आणि तो सढळ वाटायला लागला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम. 1983 मध्ये त्यांना धानात वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, निवडून निवडून पेरल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला. नाव पडलं ते त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं. तांदूळ राज्याबाहेर गेला, घरोघरी शिजला. दादाजींना मात्र हे वाण आपलं आहे, एवढं कबूल करून घ्यायलाच झगडावं लागलं. 2018 मध्ये ते गेले, तेही ओढगस्तीत. परत येणाऱ्या शोमरोन्याची गाडी इथे फारच लेट झाली. म्हणून जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी दादाजींचं नाव घालतो. धाकट्याने एकदा डोळे किलकिले करून विचारलं, "बाबा, हे जुन्या करारातले का?"

धान घरात आलं की चर्चमध्ये सुगीची उपकारस्तुती, म्हणजे आमचं हार्वेस्ट. वेदीपुढे एचएमटीची पोती, लाखोळीची डाळ, जवस, कोहळे, अंडी, आणि पाय बांधलेला एक गावरान कोंबडा. उपासना संपली की लिलाव. एरवी आठवडी बाजारात दोन रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारी आमची सौ. इथे तीस रुपयांच्या कोहळ्यावर तीनशेची बोली लावते, आणि वर माझ्याकडे अशी बघते की खिसा माझा आहे हे मी विसरावं.

गेल्या हार्वेस्टला गाडं कोंबड्यापाशी अडलं. सगळ्यांचे खिसे कोहळ्यांनीच रिकामे केलेले. "काऊन बाप्पा, कोणीच नाही?" खजिनदार ओरडले. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी मान हलवली, मास्तरांनी हलवली, मीही हलवली. खजिनदारांनी कोंबडा उचलून उंच धरला. "तिघं नाही म्हणाले! आता हा आरवायच्या आत बोली लावा, नाहीतर सगळ्यांना पेत्रासारखं रडत बाहेर जावं लागंल!"

मास्तरांनी साडेचारशेला घेतला.