दर बारा कोसांवर हॉर्न बदलतो

मराठी मुलखात दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे पूर्वापार म्हटले जाते. आणि कोस म्हणजे ढोबळमानाने तीन किलोमीटर धरले, तर मुंबई ते कोल्हापूर या पावणेचारशे किलोमीटरांच्या प्रवासात प्रवाशाच्या कानी निदान दहा बोली पडायला हव्यात. मोटारीने जाणाऱ्याच्या कानी त्या पडत नाहीत, कारण काचा वर असतात. पडतो तो हॉर्न, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्यास तोही दर बारा कोसांवर बदलत असल्याचे आढळते. बेशिस्त म्हणजे नियमांचा अभाव, अशी सुशिक्षितांची एक समजूत आहे, परंतु ती प्रवासात टिकत नाही. प्रत्येक प्रांताच्या बेशिस्तीला स्वतःचे व्याकरण असते, ते तेथील शाळकरी पोरांनाही पाठ असते, आणि १९८८ सालचा मोटार वाहन कायदा हा या सर्व बोलींच्या डोक्यावर बसवलेल्या प्रमाणभाषेसारखा असतो : परीक्षेपुरता सर्वांना येतो, घरात कोणी बोलत नाही.

मुंबईचा चालक सिग्नल पाळतो, यावर परगावच्या माणसाचा प्रथम विश्वास बसत नाही. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस रिक्षांना प्रवेश नसल्यामुळे मूळ शहरातील वाहतुकीला टॅक्सी आणि बस यांचे एक प्रौढ वळण लागले आहे, आणि तेथील चालकाचे भांडण नियमाशी नसून वेळेशी असते. तो लाल दिव्याशी थांबतो. मात्र दिवा हिरवा होण्यास दहा सेकंद उरली की हॉर्न वाजवू लागतो, जणू काही दिव्याला डुलकी लागली असावी. या सवयीवर मुंबई पोलिसांनी काही चौकांत एक नामी उपाय करून पाहिला होता. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडण्यात आले, आणि हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शिक्षा सामुदायिक असल्यामुळे वाजवणाऱ्याकडे आजूबाजूचे लोक ज्या नजरेने पाहत असतील, तिची नोंद कोणत्याही यंत्राला करता आली नसती. उपनगरांत रिक्षा आहेत आणि रिक्षांना पाय आहेत. वळायचे त्या बाजूचा पाय बाहेर काढणे हा तेथील मान्य इशारा होय, फक्त तो पाय वळण्यासाठी काढला आहे की चप्पल सावरण्यासाठी, हे मागच्या चालकाने प्रसंगावरून ठरवायचे असते.

मुंबई आणि पुणे यांना जोडणारा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९५ किलोमीटरांच्या या रस्त्यावर जाण्यासाठी तीन आणि येण्यासाठी तीन मार्गिका आखलेल्या आहेत : डावी जड वाहनांना, मधली मोटारींना, आणि उजवी केवळ पुढे जाण्यापुरती. वस्तुतः बोरघाटात एक ट्रक ताशी बावीस किलोमीटरांनी चढत असतो, त्याला ओलांडण्यासाठी दुसरा ताशी तेवीसने मधल्या मार्गिकेत येतो, आणि तिसऱ्यास या दोघांचेही कर्तृत्व पुरेसे न वाटल्याने तो उजवी मार्गिका धरतो. मागे अडकलेल्या मोटारीवाल्यांना तेवढ्या वेळात सह्याद्री पाहता येतो.

पुण्याकडे मात्र अभ्यासकाला अधिक वेळ द्यावा लागतो, कारण पुणेकर नियम मोडत नाही. त्याला तो नियम तत्त्वतः मान्य नसतो. ‘राँग साइड’ ही संज्ञा अन्यत्र वाहतुकीच्या उलट दिशेने जाण्यासाठी वापरतात. पुण्यात तिचा अर्थ इतकाच, की दुभाजकातील वळण महापालिकेने अर्धा किलोमीटर पुढे ठेवून जी चूक केली आहे, ती नागरिक स्वखर्चाने दुरुस्त करत आहे. समोरून योग्य दिशेने येणाऱ्याने या वेळी कडेला व्हावे अशी अपेक्षा असते, आणि तो न झाल्यास त्याच्याकडे पाहण्याची एक खास नजर या शहराने विकसित केली आहे. मध्यवर्ती पेठांत गाडी लावण्यासाठी ‘पी १’ आणि ‘पी २’ अशा पाट्या असतात. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूस आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहन लावावे, असा त्यांचा अर्थ. परगावचा माणूस या पाटीखाली उभा राहून तारीख आठवत असतो, तोवर स्थानिकाने दोन्ही बाजूंना नसलेली तिसरी जागा शोधलेली असते, आणि तिच्यासमोरच्या फाटकावर ‘येथे वाहन लावू नये’ या आशयाची, परंतु बरीच अधिक व्यक्तिगत भाषेतील पाटी असते.

या शहराचे खरे संशोधन हेल्मेट या विषयात आहे. कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार दुचाकीवर ते डोक्याला घालावे लागते, आणि ते घालू नये यासाठी येथे वेळोवेळी कृती समित्या स्थापन झालेल्या आहेत. सकाळी साडेनऊच्या सुमारास कोणत्याही मोठ्या चौकाच्या शंभर पावले अलीकडे उभे राहिल्यास पुढील दृश्य दिसते. दुचाकीस्वाराचे हेल्मेट त्याच्या डाव्या हातात, कोपराच्या वर अडकवलेले असते, त्यामुळे कोपर अत्यंत सुरक्षित असतो. चौकातल्या झाडामागे पांढरा सदरा दिसतो, म्हणजे ‘मामा’ उभे असतात (वाहतूक पोलिसाला सर्व महाराष्ट्राने मामा मानले आहे). स्वार एका हाताने गाडी सांभाळत दुसऱ्या हाताने हेल्मेट डोक्यावर ठेवतो, बंद लावत नाही, मामांसमोरून गंभीरपणे जातो आणि पुढच्या वळणावर ते पुन्हा कोपरास घालतो. संकट रस्त्यावर नसून चौकात असते, ही त्यामागची विचारसरणी. २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात रस्त्यावर दगावले, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. त्यांपैकी किती जणांचे हेल्मेट कोपराला होते, याचा रकाना तीत नाही.

कात्रजचा बोगदा आणि खंबाटकीचा घाट ओलांडला की बोली बदलते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात ‘वडाप’ नावाची संस्था आहे. वडाप म्हणजे प्रवासी भरतील तशी सुटणारी जीप. मराठवाडा-विदर्भात तिच्या बहिणीला काळीपिवळी म्हणतात. वडापात आसनसंख्या ही कमाल मर्यादा नसून प्रारंभीचा अंदाज असतो, आणि चालक अर्धा दाराबाहेर बसून चालवत असल्याने त्याला इशाऱ्यासाठी हात वेगळा काढावा लागत नाही. याच पट्ट्यात वाहन क्रमांक हा वाङ्मयप्रकार बहरला. आंतरराष्ट्रीय अंकांतील चार-एक-चार-एक या आकड्यांना जरा बाक दिला की ‘दादा’ वाचता येते. असा क्रमांक सरकार शुल्क घेऊन देते, आणि तो ‘दादा’ असा वाचता आला की दंडही सरकारच घेते.

उजव्या बाजूच्या पिवळ्या दिव्याचा प्रश्न येथे सर्वांत बिकट होतो. पुस्तकाप्रमाणे तो लावणारा उजवीकडे वळणार असतो. परंतु महामार्गावरच्या जुन्या रीतीप्रमाणे पुढचा ट्रकवाला तोच दिवा लावून ‘रस्ता मोकळा आहे, या उजवीकडून’ असेही सुचवतो, आणि किन्नर, म्हणजे ट्रकवरील मदतनीस, डाव्या खिडकीतून हात हलवत असेल तर अर्थ पुन्हा बदलतो. एकच शब्द ‘ये’ आणि ‘मर’ या दोन्ही अर्थांनी वापरणारी भाषा जगात दुसरी नसावी.

दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू झाला की या व्याकरणात ट्रॅक्टर शिरतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दुमजली ऊस, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली वाढी (म्हणजे उसाचे शेंडे), आणि मागे दिवा नाही. चालकाच्या आसनाशेजारी मात्र कर्णे असतात आणि त्यांवर गाणे लागलेले असते. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो, हा या व्यवस्थेतील एकमेव सुरक्षा उपाय म्हणता येईल. तो मागच्यापुरताच चालतो, कारण पुढच्याला त्या गाण्यामुळे मागचा हॉर्न ऐकू येत नाही. साखर कारखाने आणि पोलीस हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणाऱ्या तांबड्या पट्ट्या, लावण्याचे कार्यक्रम करतात. पहिल्याच खेपेत फडातला चिखल त्यांवर बसतो. टनामागे पैसे मिळणाऱ्या माणसाने पट्टी पुसण्यासाठी थांबावे, हे त्याला सांगणेही अवघडच आहे.

विदर्भाचे थोडक्यात आटोपते. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि येथे चालकाला त्रास देण्यास कोणीच नसणे हाच मोठा धोका ठरतो : खड्डा नाही, म्हैस नाही, मामा नाहीत, त्यामुळे डोळा लागतो. खुद्द नागपुरात उन्हाळ्याच्या भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, कारण त्या उन्हात लाल दिव्याशी उभे राहणे हे तो मोडण्यापेक्षा अधिक घातक मानले गेले आहे. वऱ्हाडी माणसाला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पुन्हा कोल्हापूरकडे येऊन गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरताना प्रवासी चकित होतो, कारण येथे हॉर्न त्याच्या मूळ अर्थाने वाजतो. आंधळ्या वळणावर एसटीचा चालक एकदाच, लांब, भारदस्त हॉर्न देतो आणि समोरून उत्तराची वाट पाहतो. चढणीला लागलेल्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा नियमही बहुधा पाळला जातो, कारण तो न पाळल्यास दोनशे फूट खाली जावे लागते. दरी हा राज्यातील सर्वांत परिणामकारक वाहतूक पोलीस आहे. खाली मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या रुंदीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली आणि तेव्हा शाळेत असलेली मुले आता त्यावर वाहन चालवत आहेत.

या सर्व बोली शेवटी गोव्यात एकत्र येतात. तेथे काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्या परवानाधारकास ‘पायलट’ म्हणतात, आणि तो बहुधा नावाला शोभेल इतका सावध असतो. भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, म्हणजे स्थानिकाला ती दुरून ओळखून गटाराच्या बाजूला सरकता येते. वर्षअखेरीस कळंगुटच्या अरुंद रस्त्यावर पुण्याचा उलटा येतो, कोल्हापूरचा उजवा दिवा लावून सरळ जातो, मुंबईचा मागून हॉर्न देतो आणि नागपूरचा, एवढे अंतर एकटाच आल्यामुळे, कोणाची अपेक्षाच करत नाही. त्यात सुटीवर आलेला लंडनचा मराठी माणूस असला, तर समोरच्याने दिवे लुकलुकवताच तो निर्धास्तपणे पुढे निघतो. कारण तिकडे ‘डिपर’ दिला म्हणजे ‘आधी तुम्ही’, आणि इकडे त्याचा अर्थ ‘मी थांबणार नाही’. प्रत्येकजण आपल्या गावच्या नियमाप्रमाणे बिनचूक वागत असतो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली.

वाहन चालवण्याचा परवाना मिळवण्यासाठी मैदानावर पाय न टेकता दुचाकीने आठचा आकडा काढावा लागतो, आणि तो काढला की परवाना त्या गावापुरता मिळत नाही, सबंध भारतासाठी मिळतो.